गाभण गाय विकायची: बाजारात की गोठ्यावरून?

गाभण गाई काढायच्या आहेत आणि मन ठरत नसेल, तर आधी गाय कितव्या महिन्यात आहे ते बघा. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा. सातव्या महिन्यानंतर गाडीत चढवणं, धक्के, दिवसभर उन्हात उभं राहणं तिला सोसत नाही. न विकता परत आणावी लागली तर हाल दुप्पट. अशी गाय मी तरी बाजारात नेणार नाही.

बाजारात गिऱ्हाईक भरपूर, पैसेही बहुधा लगेच. पण तिथे गाय अंगावरून, कासेवरून जोखतात. रेतनाची, म्हणजे गाय भरवल्याची तारीख, मागच्या वेताचं दूध फारसं कुणी विचारत नाही. गोठ्यावर आलेला माणूस नोंदवही चाळतो, चारही सड हाताने तपासतो, तिचीच मागची कालवड शेजारी बांधलेली बघतो. पशुवैद्यकाचा गाभण तपासणीचा दाखला दाखवला की घासाघीसही कमी होते. मात्र गिऱ्हाईक मिळेपर्यंत चारा तुमचाच.

नोंदी चोख आहेत, गाई एक-दोनच आणि थांबायची तयारी आहे, तर गोठ्यावरूनच विका. चारा संपत आलाय, तीन-चार महिन्यांच्या गाभण बऱ्याच गाई एकदम काढायच्यात, तर बाजार बरा.