साठीनंतर टीबीईची लस: चार डोसांचा माझा अनुभव

मी १९८९ पासून स्वीडनमध्ये वेस्तेरोसला राहतो. मेलारेन तळं घरापासून चालत दहा मिनिटांवर. उन्हाळ्यात ब्लूबेरी आणि पुढे सप्टेंबरमध्ये कांतारेल नावाची पिवळी अळंबी गोळा करायला आम्ही दोघं रानात जातो. घरी आल्यावर एकमेकांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड शोधायची हा नेम. टीबीई म्हणजे गोचिडीतून येणारा विषाणूचा मेंदूज्वर. त्याची लस मात्र ६६ वर्षांचा होईपर्यंत घेतली नव्हती. गोचीड लगेच उपटली की झालं, अशी माझी समजूत होती.

ती समजूत शेजाऱ्यांच्या आजारपणाने मोडली. ७१ वर्षांचे गृहस्थ, रोज पाच किलोमीटर चालणारे. जुलैमध्ये चार-पाच दिवस ताप आला आणि उतरला. आठवडाभर बरे होते, बागेत गवतही कापलं. मग पुन्हा ताप चढला, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, आणि बायकोचं नाव आठवेना. त्यांना टीबीई झाला होता. हा आजार बहुतेकदा असाच दोन टप्प्यांत येतो. मधल्या बऱ्या दिवसांत माणूस फसतो आणि नंतर मेंदूला सूज येते. यावर औषध नाही, दवाखान्यात नुसता आधार देतात. ते वाचले, पण आजही कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतात, एका हाताने तो हिंदकळतो.

त्यांच्याच डॉक्टरांकडून कळलं की टीबीईचा विषाणू गोचिडीच्या लाळेतच असतो, त्यामुळे चावल्यावर काही मिनिटांत अंगात जाऊ शकतो. बोरेलिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू, त्याला अंगात जायला साधारण दिवसभर लागतो, तिथे लवकर उपटल्याचा फायदा होतो आणि अँटिबायोटिकही आहे. टीबीईच्या बाबतीत लस हाच उपाय. आणि ही लस बोरेलियावर चालत नाही, म्हणून घरी आल्यावरची शोधाशोध सुटत नाहीच.

पहिला डोस एप्रिल २०२३ मध्ये एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या लसीकरणाच्या गाडीत घेतला. त्या गाडीचं नाव इथे लिहीत नाही. रांग छोटी, कार्डाने पैसे भरले, चारशेच्या वर क्रोनर, पाच मिनिटांत बाहेर. सोय म्हणाल तर उत्तम. पण माझं वय कुणी विचारलं नाही. हातात कार्ड दिलं, त्यावर लिहिलं होतं: दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा पुढच्या वर्षी हंगामाआधी. तिशीतल्या माणसासाठी हे वेळापत्रक बरोबर आहे. माझ्यासाठी नव्हतं. मी त्या कार्डावर विश्वास ठेवून एक उन्हाळा दोनच डोसांवर निर्धास्त काढला असता, याचा मला अजून राग येतो. जन्मवर्ष विचारायला किती वेळ लागतो?

दुसरा डोस मे महिन्यात आमच्या आरोग्य केंद्रातल्या लसीकरण विभागात घ्यायचं ठरवलं, केवळ ते घराजवळ म्हणून. तिथल्या सिस्टरने कार्ड हातात घेतलं, पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न केला, "तुमचा जन्म कोणत्या सालचा?" मग म्हणाली, "तुम्हाला तीन नाही, चार डोस लागतील. पुढचा दोन महिन्यांनी, याच उन्हाळ्यात."

लसीच्या पत्रकात चार डोस नाहीत. तिथे मूळ मालिका तीनच डोसांची आहे. एफएसएमई-इम्युन या लसीच्या पत्रकात पहिला डोस, एक ते तीन महिन्यांनी दुसरा, आणि त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी तिसरा. एन्सेपुर या टीबीईच्याच दुसऱ्या लसीत शेवटचं अंतर नऊ ते बारा महिने. वयस्करांना मध्ये एक जादा डोस द्यायचा, ही स्वीडनची स्वतःची शिफारस. मी कारण विचारलं. बाहेर तीन जण थांबले होते, तरी तिने खुर्ची ओढून घेतली आणि समजावून सांगितलं.

नवीन शत्रू ओळखायला ज्या कोऱ्या टी-पेशी लागतात, त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते. साठीपर्यंत जुन्या आजारांची आठवण शरीराजवळ भरपूर असते, पण नवा धडा गिरवायला ते हळू होतं. म्हणून त्याच लसीने वयस्कराच्या रक्तात प्रतिपिंडं कमी तयार होतात आणि लवकर उतरतात. दोन डोसांनी तरुण माणूस पहिला हंगाम बऱ्यापैकी काढतो, आपल्याला तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्टॉकहोम परिसरात २००० ते २००८ या काळात लस घेऊनही टीबीई झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे निघाले. त्यातच आजारही म्हातारपणी जास्त जोराने येतो. म्हणजे ज्याला लसीची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच अंगी ती सगळ्यात कमी लागते. हे ऐकल्यावर मी पुढची तारीख तिथल्या तिथे घेतली.

मग तिने फ्रिजमधून इंजेक्शन काढलं. आधीच भरलेली छोटी सिरिंज, अर्धा मिलिलिटर. ती हलवल्यावर आतलं पाणी गढूळ झालं, तांदूळ धुतल्यावर निघतं तसं. तो पांढुरकेपणा अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. लस त्याला धरून राहते आणि शरीराचं लक्ष तिकडे जास्त वेधलं जातं. विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवून मग निष्क्रिय करतात, म्हणून अंड्याची गंभीर अॅलर्जी आहे का हेही तिने विचारलं. पार्किंगमध्ये हा प्रश्नही नव्हता. टोचल्यावर वीस मिनिटं बसवून ठेवलं. दंड दीड दिवस दुखला. चारही डोसांत याहून जास्त त्रास झाला नाही.

तिसरा डोस जुलैच्या शेवटी, चौथा मार्च २०२४ मध्ये झाला. पुढचा तीन वर्षांनी, २०२७ ला. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, घेतलेला प्रत्येक डोस धरला जातो. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या मंडळातले दोघे "गॅप पडला, आता काय उपयोग" म्हणून घरी बसले आहेत.

केंद्राबद्दल एक तक्रार आहे. वेळ फक्त फोनवर मिळते, तिथला आवाज नंबर दाबायला सांगतो आणि ते दुपारी कधीतरी उलट फोन करतात. माझी बायको भारतात बहिणीकडे गेलेली असताना तिचा फोन हुकला आणि तिचा तिसरा डोस पाच आठवडे लांबला. आठवणीचा संदेशही येत नाही. आता तिच्या आणि माझ्या तारखा मी कालनिर्णयवर लिहून ठेवतो.

भारतातून आलेल्यांसाठी अजून एक गोष्ट. लस अंगी लागली का, हे बघायला मला रक्त तपासून हवं होतं. केंद्रातल्या डॉक्टरांनी थांबवलं. मला २००६ साली पुण्यात डेंग्यू झाला होता. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, पिवळा ताप आणि टीबीई, हे सगळे विषाणू एकाच घराण्यातले. साध्या एलायझा चाचणीत डेंग्यूची जुनी प्रतिपिंडं टीबीईची म्हणून दिसू शकतात, आणि माणूस खोट्या भरवशावर राहतो. खरं उत्तर हवं तर प्रतिपिंडं त्या विषाणूला खरंच रोखतात का हे बघणारी न्यूट्रलायझेशन चाचणी लागते, ती ठरावीक प्रयोगशाळांतच होते. कुणी रक्ताचा रिपोर्ट दाखवून "माझं झालंय" म्हणत असेल, तर डेंग्यू झाला होता का ते आधी विचारा.

घराण्याचा विषय निघाला म्हणून. माझं मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात. २०१६ पासून आमच्या भागात माकडताप आला. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार, विषाणू टीबीईचा जवळचा नातेवाईक आणि तोही गोचिडीतूनच येतो. आधी रानात माकडं मरून पडायची, मग काजू गोळा करणाऱ्यांना ताप यायचा. तिकडची लस महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे दरवर्षी एक, अशी होती आणि वयाची मर्यादा ६५. माझा चुलतभाऊ तेव्हा ६७ चा. फोनवर म्हणाला, "माका देवक नाय, वय झाला म्हणे." तो रोज काजूच्या बागेत जात होता. अंगाला लावायचं तेल आणि पायघोळ पँट, एवढ्यावरच त्याने तो हंगाम काढला. ती लस नंतर बंदच झाली, नवीवर काम चालू आहे. इकडची लस माकडतापावर चालत नाही, मी विचारून घेतलं.

म्हणून त्या सिस्टरने "तुम्हाला एक जास्त" म्हटलं तेव्हा मला भाऊ आठवला. वय झालं म्हणून तिकडे डोस मिळत नव्हता, इकडे वय झालं म्हणून एक वाढवून मिळत होता.

मे-जूनमध्ये ज्यांचे आईवडील नव्वद दिवसांच्या व्हिसावर इकडे येतात, त्यांनी दिवस मोजून घ्या. पहिला डोस आल्या आल्या दिला तर दुसरा महिन्याने, आणि जादा डोस बरोबर जायच्या सुमाराला येतो. दर उन्हाळ्यात येणारे असतील तरच ही मालिका पूर्ण होईल. कार्ड त्यांच्याबरोबर पाठवा, फोटो आपल्याकडे ठेवा. एकदाच येणार असतील तर रानात पायवाट न सोडणं, पायमोजे पँटवर चढवणं आणि संध्याकाळची तपासणी.

आरोग्य केंद्राला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा फोनमुळे गेला. पार्किंगच्या गाडीला दोन. तरीही तिथेच जाणार असाल तर बाही वर करण्याआधी स्वतःहून जन्मवर्ष सांगा आणि चार डोसांची तारीखवार नोंद कार्डावर करून घ्या. बायकोचा चौथा डोस येत्या गुरुवारी सव्वानऊला आहे, तिच्याबरोबर मी जाणार आहे.