मिसफायर: आधी कॉइलची अदलाबदल की कॉम्प्रेशन टेस्ट?

जुन्या टर्बो गाडीत इंजिनच्या कॉम्प्युटरकडून पी०३०२ कोड आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय, त्यात इंधन नीट पेटत नाही.

प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर अदलाबदलीला खर्च शून्य. दोनची कॉइल तीनवर लावा, कोड पुसा, चढावर लोड देऊन चालवा. पी०३०३ आला तर कॉइलच गेली. नाही आला तर प्लग तसेच फिरवा; प्लगच्या टोकांमधला गॅप वाढला की बूस्टखाली (टर्बोच्या जादा हवेच्या दाबाखाली) ठिणगी विझते. जळलेला व्हॉल्व्ह मात्र यात कळत नाही.

कॉम्प्रेशन टेस्टला, म्हणजे स्टार्टर फिरवताना प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजायला, मेहनत जास्त: सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी दमदार. एकच आकडा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घाला. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाहीतर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

फक्त लोडवर झटके बसत असतील तर अदलाबदल पुरे. आयडललाही (गाडी उभी, इंजिन चालू) सतत मिस असेल, किंवा गाडी विकत घ्यायची असेल, तर थेट गेजच लावा.