सॉक्सलेट की थंड भिजवण?

औषधी वनस्पतीतली क्रियाशील संयुगं शोधायची ठरली की हात आपसूक सॉक्सलेटकडे (उकळतं द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) जातो. माझं मत वेगळं आहे: पानात नेमकं काय आहे हे माहीत नसेल, तर पहिला अर्क थंडच काढावा, म्हणजे भुकटी न तापवता द्रावकात नुसती भिजवून.

सॉक्सलेटचे फायदे खरे आहेत. थिंबलमधल्या (भुकटी ठेवायचं सच्छिद्र नळकांडं) भुकटीवर दर फेरीला ताजं द्रावक पडतं, सायफन (बाजूची वाकडी नळी) भरला की सगळं खाली उतरतं. कमी द्रावकात, काही तासांत भुकटी जवळपास रिती होते, गाळायची कटकटही नाही. अडचण आहे ती खालच्या फ्लास्कमध्ये. उतरलेलं संयुग तिथे शेवटपर्यंत उकळत राहतं. मिथेनॉलमध्ये 65 अंशांच्या आसपास, इथेनॉलमध्ये 78. उष्णतेने मोडणारं काही असेल तर ते पहिल्या फेरीत निघालं म्हणून वाचत नाही, उलट तेच सर्वांत जास्त वेळ शिजतं. आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाचा शोध इथेच अडला होता. आधीच्या अर्कांचे निकाल एकसारखे येत नव्हते. 1971 मध्ये तू यूयू यांच्या चमूने 35 अंशांना उकळणारं ईथर घेऊन कमी तापमानात अर्क काढला, तेव्हा हिवतापावर गुण दिसला.

थंड भिजवणीला दोन-तीन दिवस लागतात, द्रावक भरपूर लागतं आणि उतारा कमी पडतो. गाळून पुन्हा ताजं द्रावक घातलं तर ती तूट बरीच भरून निघते. पाण्यात भिजवत असाल तर एवढे दिवस ठेवू नका, बुरशी धरते.

तिसरा पर्याय सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दाबाखाली द्रावकासारखा वागणारा वायू (31 अंश, 74 बारच्या वर), तेलकट संयुगांसाठी उत्तम, पण यंत्र महाग. फ्लेव्होनॉइडांसाठी (वनस्पतीतली कमी तेलकट, फिनॉल गटातली संयुगं) त्यात इथेनॉल मिसळावंच लागतं.

निर्णयाचा सोपा मार्ग म्हणजे थोड्याच भुकटीचे दोन्ही अर्क काढून एकाच टीएलसी पट्टीवर (संयुगं वेगवेगळ्या ठिपक्यांत वेगळी करणारी पातळ थराची पट्टी) शेजारी-शेजारी चालवणं. ठिपके जुळले तर मोठ्या प्रमाणावर बिनधास्त सॉक्सलेट लावा. थंड अर्कातला एखादा ठिपका दुसरीकडे गायब असेल, तर भिजवणच धरा.

अर्कात गुण आहे का हे पाहायच्या चाचणीतही निवड आहेच. जिवाणूंविरुद्ध अर्क लावलेली चकती ठेवून भोवतीचा झोन (जिवाणू न वाढलेली जागा) मोजणं स्वस्त आणि झटपट, पण तेलकट संयुगं अगरमध्ये (जिवाणू वाढवायची जेली) नीट पसरत नाहीत. जोरदार अर्कही लहान झोन देतो. दोन अर्कांची तुलना करायची असेल तर मी 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढण्याच्याच बाजूची आहे. सोबत नुसत्या डीएमएसओचा (अर्क विरघळवायचं द्रावक) खळगा हवाच, नाहीतर द्रावकाचाच परिणाम अर्काच्या नावावर जमा होतो.

डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत जांभळा रंग उतरून पिवळा होतो, 517 नॅनोमीटरला आकडाही छान येतो. पण फिनॉल असलेला जवळजवळ कुठलाही अर्क ते करतो, म्हणून एवढ्यावरून पुढचं संयुग निवडू नये. एन्झाइमच्या चाचण्यांत टॅनिनं (वनस्पतीतली तुरट संयुगं) प्रथिनांना चिकटून खोटा होकार देतात. ती काढून चाचणी पुन्हा लावा, आणि परिणाम टिकला तरच संयुगं वेगळी करायचा कॉलम भरायला घ्या.