रात्री दात खाणे: तयार गार्ड घ्यावा की मापाचा?

झोपेत दात खाणाऱ्याला घरची मंडळी हमखास ‘जंत झाले असतील’ असे सांगतात. प्रत्यक्षात मोठ्या माणसांत या सवयीचा संबंध बहुधा ताण, मोडलेली झोप, तंबाखू, मद्य किंवा काही औषधे यांच्याशी असतो. गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, कोणताही असला तरी तो सवय मोडत नाही, दातांची झीज तेवढी रोखतो.

औषधाच्या दुकानात मिळणारा तयार गार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचा असतो. तो स्वस्त आणि तत्काळ मिळणारा असला, तरी जाड असतो, लवकर फाटतो आणि मऊपणामुळे काही जण तो रात्रभर चावत राहतात.

याउलट नाशिकमध्ये कॉलेज रोडला असो वा पंचवटीत, दंतवैद्याने माप घेऊन बनवलेला कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड महाग पडतो. पण बसवताना रुग्णाला रंगीत कागद चावायला देतात आणि ज्या ठिकाणी ठसा गडद उमटतो तेथे गार्ड किंचित घासून दाब सर्व दातांवर सारखा विभागतात. माझ्या मते खर्चाचे खरे मोल या घासणीत आहे, आणि ती सोय तयार गार्डमध्ये नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी तात्पुरता तयार गार्ड जरूर वापरावा, परंतु सकाळी जबडा आखडत असेल तर मापाचाच घ्यावा. मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकून जाग येणे असेल, तर गार्डआधी झोपेची तपासणी करावी. वरच्या दातांचा गार्ड काहींचा हा त्रास वाढवू शकतो.