आखूड लवेचं कार्पेट: सिंगल डिस्क मशीन की एक्स्ट्रॅक्शन?

निर्णय घेण्याआधी कार्पेटवर सर्वात जास्त वर्दळ असते त्या पट्ट्यावर गुडघे टेकून बसा आणि दोन्ही अंगठ्यांनी लव फाकवून मुळाशी बघा. टोकं काळवंडलेली पण मूळ स्वच्छ असेल, तर सिंगल डिस्क मशीन, म्हणजे एकच गोल तबकडी फिरवून घासणारं मशीन, पुरेसं आहे. मुळाशी रेती खरखरत असेल किंवा चिकट काळा थर दिसत असेल, तर ते काम एक्स्ट्रॅक्शनचं, म्हणजे पाणी सोडून मळासकट खेचून घेण्याचं. त्या कार्पेटवर गोल मशीन कितीही वेळ फिरवलं तरी वरची लव उजळेल आणि घाण खालीच राहील.

फरक कामाच्या पद्धतीत आहे. सिंगल डिस्क मशीनचा १७ इंची पॅड होल्डर (खालची फिरती तबकडी) मिनिटाला साधारण १७५ फेरे घेतो. त्याखालचं ओलसर बॉनेट, म्हणजे सुती किंवा मायक्रोफायबरचं जाड गोल फडकं, लवेच्या वरच्या भागातली घाण पुसून स्वतःत धरून ठेवतं. एक्स्ट्रॅक्शन मशीन गरम पाणी दाबाने लवेत सोडतं आणि मळासकट लगेच खेचून घेतं. बॉनेटनंतर खोली तास-दोन तासांत वापरता येते. एक्स्ट्रॅक्शननंतर सहा ते बारा तास धरून चालावं लागतं, आणि कार्पेट २४ तासांहून अधिक ओलं राहिलं तर कुबट वास आणि बुरशीची भीती असते.

बॉनेटचं काम वेगाने होतं, पण त्याला शिस्त लागते. आधी सावकाश, आडवं-उभं व्हॅक्यूम करा. कोरडी धूळ राहिली की कार्पेट साफ करायचं द्रावण पडताच तिचा चिखल होतो. एका कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून रंग सुटतो का ते पाहा. मग सुमारे तीन बाय तीन मीटरच्या तुकड्यावर द्रावण फवारा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा, मात्र ते वाळू देऊ नका. बॉनेट साध्या पाण्यात भिजवून ठिबकणार नाही इतकं पिळून घ्या. हँडल किंचित वर उचललं की मशीन उजवीकडे जातं, खाली केलं की डावीकडे. ढकलायची गरज नसते, आणि जोर लावणाऱ्याच्या हातातूनच ते सुटतं. एक फेरी आडवी, दुसरी उभी घ्या. साधारण दहा चौरस मीटरनंतर बॉनेट उलटा, दोन्ही बाजू मळल्या की बदला. शंभर चौरस मीटरला पाच-सहा बॉनेट हाताशी हवीत. इथे काटकसर केली, तर एका जागची घाण दुसरीकडे सारवली जाते.

नुकसान बहुतेक वेळा कोरड्या बॉनेटमुळे होतं. ते कार्पेटला धरतं, मशीन उड्या मारतं आणि घर्षणाने उष्णता वाढते. पॉलिप्रॉपिलीन हा कार्पेटमधला कृत्रिम धागा कमी तापमानाला वितळतो. त्यावर उमटलेला चकाकता पट्टा पुन्हा निघत नाही, म्हणून मशीन एका जागी फिरत ठेवू नका. सुटलेला एखादा लूप, म्हणजे न कापलेल्या धाग्याचा वेढा, बॉनेटमध्ये अडकला, तर अख्खी ओळ उसवत जाते. सांधे आधी तपासा आणि सुटे धागे ओढू नका, कात्रीने कापा. घट्ट विणीच्या लूप कार्पेटला हे मशीन चांगलं मानवतं, पण कापलेल्या लवेवर गोल वळ उमटतात आणि तंतूंची टोकं पिंजारतात. लोकरीच्या कार्पेटवर ते चालवूच नका, लोकर घर्षणाने फेल्टसारखी गोळा होते. उत्पादकाच्या हमीपत्रात बॉनेटला मनाई नाही ना, तेही पाहा.

याच मशीनला ब्रश लावून शाम्पू करण्याचा पर्याय आम्ही सुचवणार नाही. फेस दिसतो खूप, पण नंतर तो खेचून घेतला नाही तर तळाशी चिकट थर राहतो आणि कार्पेट आधीपेक्षा लवकर मळतं. मशीन आधीच घेतलेलं असेल, तर एन्कॅप्सुलेशनचं द्रावण वापरा. त्यातलं पॉलिमर मळाभोवती वाळून ठिसूळ होतं आणि पुढच्या व्हॅक्यूममध्ये निघून येतं.

वर्दळीच्या जागी सगळ्यात टिकाऊ ठरते ती जोडी: दर एक ते तीन महिन्यांनी रुळलेल्या पट्ट्यांवर बॉनेट किंवा एन्कॅप्सुलेशन आणि वर्षातून एक-दोनदा पूर्ण एक्स्ट्रॅक्शन. एकच मशीन घेता येणार असेल आणि खोल्या रात्रभर रिकाम्या ठेवता येत असतील, तर एक्स्ट्रॅक्शनचं घ्या. दिवसरात्र वापरातल्या जागेसाठी सिंगल डिस्क घ्या आणि एक्स्ट्रॅक्शन बाहेरून करून घ्या.

सुरुवात कशाने करायची हे ठरवायला तळहाताएवढ्या जागेवर नुसतं गरम पाणी टाकून ब्रशने घासा. फेस आला, तर जुना शाम्पू आत आहे. तेव्हा पहिला हात एक्स्ट्रॅक्शनचा, तोही रसायन न घालता साध्या पाण्याने. ओढलेलं पाणी फेसाळ दिसायचं थांबेपर्यंत तोच हात पुन्हा फिरवा आणि बॉनेट त्यानंतरच वापरा.