व्हॉट्सॲप संदेश की स्पीड पोस्टाने पत्र?

गेल्या हंगामात तासगावच्या आमच्या द्राक्षबागेसाठी सांगलीतून घेतलेला फवारणी पंप आठवड्यातच बंद पडला, तेव्हा मी त्याच रात्री दुकानदाराला व्हॉट्सॲपवर रागाने सलग सहा संदेश पाठवले. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर मात्र आले नाही, कारण त्या सहांपैकी एकाही संदेशात मला नेमके काय हवे आहे हे लिहिलेच नव्हते.

व्हॉट्सॲप वेगवान आहे, त्यावर बिलाचा फोटो आणि बिघाडाचा व्हिडिओ लगेच जोडता येतो, आणि ओळखीच्या दुकानदाराशी पहिला संपर्क साधायला तेच योग्य, असे माझे मत आहे.

पण आठवडाभरात दाद मिळाली नाही, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, रक्कम, बिघाड कधी कळला, आणि ‘पंप 15 दिवसांत बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी, ही विनंती’ एवढाच मजकूर पुरतो. ‘फसवणूक’ हा शब्द टाळावा, कारण त्याने समोरचा माणूस मूळ तक्रार सोडून स्वतःच्या अब्रूचा बचाव करू लागतो. माझ्या अशा पत्रानंतर चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते, आणि तिथे या पत्राची प्रत व पोचपावती तारीखवार पुरावा म्हणून जोडता येते.