कायद्यांचे अलर्ट देणारं ॲप मुदतीआधीच का काढून टाकलं

वर्षाची वर्गणी भरून घेतलेलं ॲप मुदत संपायच्या आत फोनवरून काढलं. नाव लिहीत नाही. जो दोष सांगणार आहे तो तुमच्या ॲपमध्येही आहे का, हे तुम्ही स्वतः तपासावं एवढ्यासाठी लिहितोय.

आमचा सांगलीत मालवाहतुकीचा धंदा. मार्केट यार्डातून हळद, तासगावकडून बेदाणा, हंगामात साखर. गाड्या मोजक्याच आहेत, पण विमा, परवाना, ई-वे बिल, ड्रायव्हरांचा पगार आणि पीएफ, सगळ्याची दोरी दिल्लीत. म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात हे ॲप घेतलं. विधेयक मांडलं की मराठीत दोन ओळींचा संदेश, कुठवर आलंय ते दाखवणारी पट्टी, आणि शेवटी हिरवी खूण. पावसाळी अधिवेशनात कामही चोख केलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत पास झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. तिन्ही संदेश त्या त्या दिवशी आले. आमच्या गाड्यांवरची काही पोरं मुक्कामाला फोनवर पैशाची रमी लावायची, त्यामुळे ती बातमी मला लगेच हवीच होती. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

बिनसलं ते दिवाळीनंतर. ॲपने एक कार्ड पाठवलं, ‘अपघात करून पळाल्यास दहा वर्षं कैद, कायदा लागू’. एका पोराने ते ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकलं. हळदीची गाडी भरून, ताडपत्री बांधून यार्डात उभी, आणि आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, “आण्णा, दहा वर्षं आत बसायचं माझं वय न्हाई. दुसरा माणूस बघा.” याच तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी केलेला जानेवारी २०२४ चा संप त्याने पाहिलाय, पंपांवरच्या रांगाही. त्याची भीती खरी होती. कार्ड चुकीचं होतं.

हे कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्याचं, १०६, पोटकलम २. बेदरकार गाडी चालवून कुणाचा मृत्यू झाला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता चालक पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. संहितेवर राष्ट्रपतींची सही झाली २५ डिसेंबर २०२३ ला. संपानंतर २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी जाहीर केलं की वाहतूकदारांच्या संघटनेशी, ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, बोलल्यावरच हे पोटकलम लागू करायचं ठरवू. मग २३ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना निघाली, की संहिता १ जुलै २०२४ पासून लागू, १०६ चं पोटकलम २ वगळून. ते पोटकलम अजूनही वगळलेलंच आहे. गॅझेटची पीडीएफ मी ऑफिसात उघडली. गॅझेटमध्ये हिंदी आणि इंग्रजी दोन्ही असतं, म्हणून हिंदीतली ती ओळ त्याच्यासमोर धरली. त्याने बोट ठेवून दोनदा वाचली. किल्ली उचलली, पण गाडी निघाली संध्याकाळी.

ॲपच्या ग्राहकसेवेला अधिसूचनेसकट लिहिलं. उत्तर आलं, ‘सदर कायद्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेली असून आमची माहिती अचूक आहे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मला राग आला तो इथे. संहितेच्या पहिल्याच कलमाचं पोटकलम २ काय सांगतं? केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करील त्या तारखेपासून अंमल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा ठरवता येतील. कितीतरी कायद्यांच्या सुरुवातीला हे वाक्य असतं. सही झाली की हिरवी खूण लावणाऱ्याने ते वाचलेलंच नाही. सही आणि अंमल यांच्यामध्ये जे अंतर असतं, सामान्य माणसाला नेमकं तेच कळायला हवं असतं. २०२३ चा दूरसंचार कायदा बघा. काही कलमं २६ जून २०२४ पासून, काही ५ जुलैपासून. नवा आयकर कायदा, सही २१ ऑगस्ट २०२५ ला, अंमल १ एप्रिल २०२६ पासून, तोही तारीख कायद्यातच लिहून. यातलं काहीही त्या पट्टीवर दिसत नाही.

तरी वाटलं, एखाद्या कलमाचं झालं असेल, वर्गणी भरलीच आहे तर वापरू. मग २१ नोव्हेंबर उजाडला. कामगारांचे जुने केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता त्या दिवसापासून लागू झाल्या. वेतन संहितेवर सही ऑगस्ट २०१९ मधली, बाकी तिन्हींवर सप्टेंबर २०२० मधली. मधल्या काळात तुरळक कलमं तेवढी सुरू झाली होती, जसं सामाजिक सुरक्षा संहितेचं आधारचं कलम १४२ मे २०२१ मध्ये. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा, ही तरतूद आमच्या पगारपत्रकाला थेट लागणारी. ॲपकडून एक ओळ आली नाही. कशी येईल? मी ॲप घेतलं त्या दिवसापासून चारही संहितांवर हिरवी खूण होतीच. त्याच्या लेखी विषय संपलेला. बातमी मला पीएफचं काम बघणाऱ्या सल्लागाराकडून कळली, आणि त्याच रात्री ॲप काढलं.

आता सगळं फुकटातलं वापरतो. इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक केंद्रीय कायद्यापुढे अंमलाच्या तारखेचा वेगळा रकाना आहे, आणि त्या कायद्याखालचे नियम, अधिसूचना तिथेच जोडलेल्या असतात. मी आधी तो रकाना बघतो, मग ई-गॅझेटवर मूळ अधिसूचना काढतो. इलेक्ट्रॉनिक राजपत्राला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८ ने मान्यता आहे, म्हणून ड्रायव्हर, कारकून, विमावाला, कुणाशीही वाद झाला तर तो कागद पुढे करता येतो.

पीआरएसबद्दल माझं मत या काळात बदललं. दिल्लीतली ही संस्था २००५ पासून विधेयकांचे सारांश काढते. बहुतेक मजकूर इंग्रजीत म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. आता मुलीला शेजारी बसवून महिन्याचा आढावा वाचतो, कारण त्यात संसदेबाहेर निघालेल्या अधिसूचना आणि नियमही येतात. खासदाराची हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न तिथे सापडतात. मंत्र्यांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर आहेत, हिंदीतही. मराठीचा दुष्काळ मात्र सगळीकडे आहे. ॲपची सोपी मराठी आणि इंडिया कोडचा तो एक रकाना एकत्र कुणी दिला, तर मी आजही आनंदाने पैसे मोजीन.

उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले, ‘धोरणात बसत नाही’ असं उत्तर आलं. रक्कम एका चहाच्या बिलाएवढी असती तरी मागितली असती. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, कार्डाचा स्क्रीनशॉट आणि २३ फेब्रुवारीची अधिसूचना जोडून. उत्तर आलं की इथेच खाली लिहितो.